दुसऱ्या काळीच्या वर

माकेरिताने पहिल्याच सोमवारी आम्हाला घोड्यासारखे ओठ फुरफुरवायला लावले, तेव्हा मागच्या बाकावरची पुरुषमंडळी हसून हसून खाली पडायचीच बाकी होती.

माकेरिता म्हणजे आमच्या पाद्रीबाबांची धाकटी मुलगी. ऑकलंडला गाणं शिकली, तिथल्या शाळेत शिकवत होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून वर्षभराची रजा काढून आमच्या सवाइई बेटावर परत आली. आमच्या चर्चच्या गायकवृंदाचे जुने प्रमुख थकले होते, तेव्हा पाद्रीबाबांनी वृंद तिच्या हाती दिला. आम्हाला वाटलं, आता नवी गाणी येणार. आली ती वेगळीच भानगड.

"गाण्याआधी गळा तापवायचा," माकेरिता म्हणाली. "थंड गळ्याने एकदम वरचा स्वर लावणं म्हणजे झोपेतून उठून थेट नारळाच्या झाडावर चढणं."

"आम्ही चढतो की," मागून सेउमालूकाका म्हणाले.

"म्हणूनच गेल्या वर्षी पडलात, काका."

सगळी खदखदून हसली. सेउमालूकाका गावचे मानकरी आणि आमच्या खर्जाचा मुख्य आधार. त्यांना तोंडावर असं बोलायची कोणाची छाती नव्हती. पण ते स्वतःच मांडीवर थाप मारून हसले आणि त्या दिवसापासून माकेरिताची गाडी रुळावर आली.

मग रोज संध्याकाळी गाण्याआधी आमचा तमाशा सुरू झाला. आधी ओठ फुरफुरवायचे. मग तोंड मिटून गुणगुणायचं, इतकं की नाकाला मुंग्या येतात. मग भोंगा: खालून वर, वरून खाली, एकाच श्वासात आवाज घसरत न्यायचा. मग "मा-मे-मी-मो-मू". पपईच्या पानाचा पोकळ देठ पाण्याच्या बाटलीत बुडवून त्यातून गात बुडबुडे काढायचे, हाही एक प्रकार होता. सेउमालूकाकांनी पहिल्या दिवशी ते पाणी पिऊन टाकलं आणि व्यायाम झाला म्हणून सांगितलं. रस्त्याने जाणारी मुलं चर्चच्या खिडक्यांना लटकून बघायची.

मी इसाया. दिवसा माझी बस चालवतो आणि संध्याकाळी वृंदासाठी इलेक्ट्रिक पियानो वाजवतो. गळा तापवताना पाच स्वर चढायचे, पाच उतरायचे, मग अर्धा स्वर वरून पुन्हा तेच. माझं काम एवढंच, की प्रत्येक वेळी पुढची पट्टी दाबून सगळ्यांना वर न्यायचं. आणि माझ्या डाव्या हाताला, पियानोला खेटून, फुआतिनो आत्या बसायची.

फुआतिनो आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. एके काळी आख्ख्या बेटावर तिच्या आवाजाचं नाव होतं. लग्न असो की मयत, लोक आधी विचारायचे, फुआतिनो येणार आहे ना? मग तिच्या गळ्यात गाठ झाली. समुद्रापलीकडच्या आपिया शहरातल्या डॉक्टरांनी ती काढली, जीव वाचला. पण पुढच्या ईस्टरला ती एकटी गायला उभी राहिली आणि वरच्या एका स्वरावर आवाज फाटला. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी नजरा खाली प्रार्थनापुस्तकात घातल्या. तेच तिला जास्त लागलं. पुढच्या रविवारी ती वरच्या आवाजाच्या बायका सोडून खालच्या आवाजाच्या बाकावर, अगदी टोकाला येऊन बसली आणि तिथेच राहिली.

तो स्वर माझ्या पियानोवर वरच्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी. गळा तापवताना माझं बोट तिच्या अलीकडच्या पांढरीपर्यंत गेलं की आत्या गायची. बोट दुसऱ्या काळीवर गेलं की आत्याचं तोंड मिटायचं, पंखा बाहेर निघायचा आणि ती वारा घेत बसायची. रोज. न चुकता.

एके दिवशी सराव संपल्यावर माकेरिताने मला थांबवलं.

"तुझी आत्या आवाज संपतो म्हणून थांबत नाही," ती म्हणाली. "तुझं बोट बघून थांबते."

"काहीतरीच काय."

"काल तुझी बस पंक्चर झाली आणि तू उशिरा आलास. तोवर मी नुसत्या हाताच्या खुणेने सगळ्यांना भोंगा करायला लावला. तुझी आत्या दुसऱ्या काळीच्या वर गेली, इसाया. सहज. मी तिच्या शेजारीच उभी होते. आणि तिला कळलंसुद्धा नाही."

"मग तिला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? सांगितलं की झालं. तोंड शिवून घेईल." ती पियानोच्या मागे गेली आणि एका बारीक बटणावर बोट ठेवलं. "हे माहितीय ना, कशाचं आहे?"

माहीत होतं. ते बटण दाबलं की बोटं त्याच पट्ट्यांवर चालतात, पण आवाज अर्ध्या स्वराने वर निघतो.

"तिचा कान पक्का आहे, पकडेल."

"एकदम चढवलंस तर पकडेल. अर्धाच स्वर चढव आणि आठवडाभर तिथेच राहा. मग पुढचा. कानाला सवय लागते."

त्या सोमवारी मी बटण दाबलं. बोट चढत चढत दुसऱ्या काळीच्या अलीकडच्या पांढरीवर आलं. बाहेर निघालेला स्वर मात्र दुसऱ्या काळीचा होता, तोच, ज्यावर ईस्टरला आवाज फाटला होता. आत्याने माझ्या बोटाकडे पाहिलं. पांढरीवर आहे म्हणून तोंड उघडलं आणि तो स्वर गाऊन टाकला, एका हाताने माशी हाकलत. माझं बोट पुढे सरकल्यावर तिने नेहमीसारखा पंखा काढला. मी माकेरिताकडे पाहिलं. ती आमच्याकडे पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

तेव्हापासून मला संध्याकाळची ओढ लागली. दिवसभर बस चालवताना मी तेच मोजत असायचो: आज कुठवर जाईल? पुढच्या आठवड्यात आणखी अर्धा, मग आणखी. आत्याचा वरचा आवाज आधी कापरा होता. हळूहळू त्याला धार आली. फक्त सेउमालूकाकांची कुरकुर सुरू झाली.

"काय रे इसाया, माझं वय झालंय की तुझा पियानो तरुण होतोय?"

"तुमचं वय झालंय, काका."

"हं. मग ठीक आहे," ते म्हणाले, पण बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

आपियातल्या वार्षिक स्पर्धेला आम्ही जे गाणं नेणार होतो, त्यात मधे एकटीचा भाग होता आणि त्याचं टोक पाचव्या पांढरीवर. तो भाग लांगीकडे होता. लांगी माझ्या चुलतभावाची बायको. आवाज गोड, पण पाचव्या पांढरीला पोचताना डोळे घट्ट मिटायची, जणू कोणी कानफटात मारणार आहे. एका संध्याकाळी गळा तापवून झाला आणि लांगी तडक माझ्याकडे आली.

"इसाया, खरं सांग. आता आपण पाचवी पांढरी गायलो ना?"

"बोट तर दुसऱ्या पांढरीवर होतं."

"बोट मरू दे तुझं. माझ्या घशाला कळतं. त्या स्वरावर मी रोज मरते, आणि तुझी आत्या तो स्वर लावता लावता चप्पल शोधत होती."

मग तिलाही सगळं सांगावं लागलं. ती दोन्ही हातांनी तोंड दाबून खाली बसली. मला वाटलं, आपला भाग जाणार म्हणून रडतेय. ती हसत होती. "तो भाग आत्याचाच आहे," ती म्हणाली. "माझ्या लग्नात तीच गायली होती. मी तर फक्त सांभाळत होते." माकेरिताने तिला शपथ घातली, की स्पर्धेच्या आदल्या दिवसापर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. मीच आत्याला नीट समजावून सांगेन, म्हणाली. पण आदल्या दिवशी माकेरिताच्या आईला ताप भरला, घरात धावपळ झाली आणि सांगायचं राहून गेलं.

शनिवारी सकाळी मी बस घेऊन गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीवर चढलो. सगळी मंडळी पांढऱ्या कपड्यांत. बायकांनी टोप्या पिशवीत नीट ठेवलेल्या. सामुद्रधुनीत लाटा बऱ्याच होत्या. पलीकडच्या उपोलू बेटावर, आपियात पोचून लगेच स्पर्धेला उभं राहायचं होतं, म्हणून माकेरिता म्हणाली, गळा इथेच तापवू. खालच्या डेकवर, माझ्या बसच्या आणि तारोच्या कंदांनी भरलेल्या ट्रकच्या मधे, आम्ही गोल करून उभे राहिलो. मी पियानोत बॅटऱ्या घातल्या, बटण चढवून ठेवलं आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसलो. आत्या नेहमीप्रमाणे माझ्या डाव्या हाताला.

आम्ही भोंगा सुरू केला तसा बोटीवरचा एक खलाशी जिन्यावरून धावत खाली आला.

"धोक्याचा भोंगा कोण वाजवतंय?"

"आम्हीच," सेउमालूकाका म्हणाले. "पण धोका पुढे आपियात आहे, बाबा. दुसऱ्या वृंदांना."

तो कपाळावर हात मारून तिथेच उभा राहिला. ट्रकवाला खाली उतरला. वरून लोक वाकून बघायला लागले. त्या हशाटाळ्यांनी आम्हाला जोर चढला. मी पट्ट्या चढवत गेलो, आत्या दुसऱ्या पांढरीपर्यंत आली, आणि तिथे जो स्वर तिने लावला तो डेकच्या लोखंडी भिंतींवर असा आदळला की ट्रकवाल्याने शिट्टी मारली.

लांगीला राहवलं नाही. "आत्या, पाचवी पांढरी," ती ओरडली. "आत्या, तुम्ही पाचवी पांढरी लावलीत. आज तुम्हीच गायचं."

माझं बोट पट्टीवर तसंच राहिलं. आत्याने लांगीकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे, मग माझ्याकडे.

"ही काय बोलतेय?"

मी खाली मान घातली. माकेरिता पुढे आली. "चूक माझी आहे, फुआतिनो आत्या. इसायाला मी सांगितलं." आणि तिने बटणापासून सगळं सांगितलं. आमच्या मागे लाटा धडकत होत्या.

"किती दिवस चाललंय हे?" आत्याने मलाच विचारलं.

"बरेच आठवडे."

"माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा तू. माझ्या शेजारी बसून मला फसवत होतास."

"हो, आत्या."

ती समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, संपलं. आता ही आपियात गाणारही नाही आणि माझ्याशी बोलणारही नाही. लांगी मुसमुसत होती. मग आत्या वळली.

"ते बटण सरळ कर. आणि वाजव."

मी बटण सरळ केलं. खालून सुरुवात केली. आत्या गात आली, पहिली पांढरी, पहिली काळी, दुसरी पांढरी. माझं बोट दुसऱ्या काळीवर गेलं. आत्याने तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. पुन्हा वाजवलं. तिचा घसा हलताना दिसत होता, पण आवाज नाही. आताच ज्या बाईने लोखंड हलवलं होतं तिला तो स्वर सापडेना.

"बघितलंत?" ती हळू म्हणाली.

माकेरिताने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आत्याने हात वर केला. "ऊठ तिथून," ती मला म्हणाली. मी उठलो. ती बादलीवर बसली, पिशवी पायाशी ठेवली आणि स्वतःचं बोट दुसऱ्या काळीवर ठेवलं.

"तुझ्या बोटाकडे बघून बघून मी म्हातारी झाले. आता माझं बोट."

तिने पट्टी दाबून धरली. स्वर वाजत राहिला आणि ती नुसती ऐकत राहिली. तेवढ्यात सेउमालूकाकांनी तोच स्वर खाली, अगदी पोटातून, ओठ फुरफुरवत धरला. त्यांच्या शेजाऱ्याने धरला. मग खालच्या आवाजाच्या बायकांनी, मग लांगीने रडत रडत. तिचे ओठ धड फुरफुरेनात, थुंकी उडायला लागली. आत्याला हसू फुटलं. हसता हसता तिचेही ओठ फुरफुरायला लागले, दुसऱ्या काळीवर, स्वतःचं बोट पट्टीवर तसंच ठेवून. आणि मग ते ओठ उघडले आणि फुरफुरीच्या जागी आवाज आला. पूर्ण, गोल.

तिने आमच्याकडे पाहिलं नाही. बोट पुढच्या पट्टीवर सरकवलं. तोही स्वर आला. पुढची. आता आमचा सगळा गोल तिच्या मागोमाग चढत होता, खर्जवाले खालून रेटा देत होते. ट्रकवाला प्रत्येक पट्टीला हाताने डेकची कड बडवत होता. वरच्या मजल्यावरून माणसं जिन्यावर उतरून बसली. एका बाईच्या हातातल्या गोणीत डुकराचं पिल्लू होतं, ते किंचाळायला लागलं तर तिने त्याला दटावलं, "गप, ऐकू दे." चौथी पांढरी. तिसरी काळी. आत्याच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. पाचवी पांढरी तिने लावली आणि सोडलीच नाही, श्वास संपेपर्यंत धरून ठेवली. मग आम्हाला कोणाला काही कळायच्या आत बोट आणखी वर नेलं आणि सहावीही घेतली.

जिन्यावरच्या लोकांनी जो गलका केला, त्यात बोटीचं इंजिनही ऐकू येईना. खलाशी टाळ्या वाजवत होता. माकेरिता वाकून आत्याच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून हसत होती की रडत होती, मला सांगता येणार नाही. मी स्वतः बसच्या मागे जाऊन डोळे पुसून आलो.

"बस," आत्या श्वास घेत म्हणाली. "सगळं इथेच संपवू नका. परीक्षक तिकडे बसलेत." मग माझा कान धरला आणि जोरात पिळला. "आणि हा फसवणुकीचा."

आपियातल्या मोठ्या चर्चमध्ये गर्दी दारापर्यंत होती. रेडिओवाले आले होते. आमचा क्रमांक आला तेव्हा मी फक्त सुरुवातीचा स्वर दिला आणि हात मांडीवर ठेवले, कारण गाणं साथीशिवाय होतं. आत्या वरच्या आवाजाच्या बायकांच्या ओळीत, लांगीच्या शेजारी उभी होती. एकटीचा भाग आला तशी ती एक पाऊल पुढे आली. आमच्यातल्या कितीतरी जणांनी नकळत एकमेकांचे हात धरले होते. तिने सुरुवात हळू केली, इतकी की मागचे लोक पुढे वाकले. मग ओळ चढत गेली, आणि पाचवी पांढरी आली तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. सरळ समोर, दारात उभ्या असलेल्या गर्दीकडे बघत तो स्वर सोडला. वर छतापर्यंत गेला तो. माझ्या पायाखालची फरशी थरथरल्यासारखी वाटली. कोणी नजर खाली घातली नाही. तिच्यानंतर आम्ही सगळे मिळून आत शिरलो तेव्हा असे गायलो, जसे त्याआधी कधी गायलो नव्हतो.

पहिला क्रमांक आपियाच्याच एका वृंदाला मिळाला. ते खरोखरच चांगले गायले. आम्ही दुसरे आलो. आमच्या गावाचं नाव पुकारलं तेव्हा सेउमालूकाकांनी टोपी हवेत फेकली आणि ती पहिल्या रांगेतल्या कोणा पाद्रीच्या मांडीवर पडली. बाहेर अंगणात बायकांनी आत्याला घेरलं. एक म्हातारी तिच्या गळ्यावरचा ऑपरेशनचा वण बोटाने चाचपून बघत होती आणि आत्या तिला बघू देत होती. कुठल्याशा दुसऱ्या गावच्या वृंदप्रमुखाने माकेरिताला बाजूला घेऊन विचारलं, की ही बाई इतकी वर्षं कुठे होती. माकेरिता म्हणाली, "पियानोच्या शेजारी."

संध्याकाळच्या बोटीने आम्ही परत निघालो. गोल पॅनकेक आणि डबाबंद गोमांस खाऊन सगळी बसमध्येच आडवी झाली. मीही स्टिअरिंगवर डोकं टेकवून पडलो होतो. झोप मात्र येत नव्हती, कान अजून वाजत होते.

धक्क्यावर उतरलो तर वडील उभे होते. ते वृंदात नाहीत, फार बोलतही नाहीत. शनिवार असून रविवारचे पांढरे कपडे घातले होते. मी बस थांबवली. आत्या दारातून उतरली, तसे ते पुढे आले आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

"ऐकलंस?" आत्याने विचारलं.

"रेडिओवर. दोनदा."

"दोनदा कसं?"

"त्यांनी परत लावलं." वडील पिशवीचा बंद उगाच सारखा करत राहिले. "दुसऱ्यांदा लावलं तेव्हा शेजाऱ्यांनाही बोलावलं मी. ओटा भरला होता."

आत्याने त्यांच्या बाहीवर पडलेली चुलीची राख झटकली, मग दंडाला धरून त्यांना बसमध्ये चढवलं आणि स्वतः पुढच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसली.

"चल इसाया," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."